फिरत्या वाऱ्यात हलकं विमान उतरवताना काय बिघडतं

गोव्यातल्या दाबोळी विमानतळाच्या धावपट्टीची दोन टोकं ०८ आणि २६ या आकड्यांनी ओळखली जातात. आकड्याच्या शेवटी शून्य लावलं की होकायंत्रावरची दिशा मिळते. ०८ म्हणजे साधारण ८० अंश, तोंड पूर्वेकडे. २६ म्हणजे २६० अंश, तोंड समुद्राकडे. मार्च ते मे या दिवसांत सकाळी इथे मतलई वारा असतो: जमिनीकडून समुद्राकडे जाणारा, मंद. दहा-अकराच्या सुमारास तो पडतो, थोडा वेळ पानही हलत नाही आणि मग समुद्राकडून येणारा खारा वारा सुरू होतो. दुपारी दोन-तीनपर्यंत तो जोर धरतो आणि पश्चिमेकडून वायव्येकडे सरकत जातो. त्यामुळे २६ वर उतरणाऱ्या विमानाला आधी नाकासमोर मिळणारा वारा दुपार चढेल तसा उजव्या बाजूने लागू लागतो.

साठ-पासष्ट टनांचं प्रवासी जेट १३५-१४० नॉटने उतरतं, त्याला या वाऱ्याचा त्रास कमी. नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. चार आसनांचं सेसना १७२ पूर्ण भरलेलं असलं तरी जेमतेम अकराशे किलोंचं असतं आणि जमिनीकडे येताना त्याचा वेग साधारण ६५ नॉट असतो. १५ नॉटचा वारा म्हणजे त्याच्या स्वतःच्या वेगाचा जवळजवळ चौथा हिस्सा. त्यातच दोन पंखांच्या टोकांमधलं अंतर ११ मीटर आणि मुख्य चाकांमधलं अंतर अडीच मीटरच्या आसपास. एवढ्या अरुंद पायांवर एवढा मोठा पंख तोलायचा असतो.

वारा नुसता आडवा असेल तर ते काम शिकून जमतं. बारा नॉटचा वारा पूर्ण वेळ एकाच बाजूने, एकाच जोराने वाहत असेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत विद्यार्थ्याचे हातपाय त्याला सरावतात. विमान मोडतं ते वारा बदलतो तेव्हा. वैमानिकाने एका वाऱ्यासाठी हात-पाय लावलेले असतात आणि चाकं टेकतात त्या क्षणी वारा दुसराच असतो. म्हणून पुढे सगळीकडे "किती वारा" या प्रश्नाबरोबर "किती बदलतोय" हा प्रश्न धरून चालू.

वाऱ्याचे दोन तुकडे

धावपट्टीला तिरक्या येणाऱ्या वाऱ्याचे दोन भाग करता येतात. एक समोरून येणारा, जो उतरायला मदत करतो. दुसरा बाजूने ढकलणारा. नेमका आकडा त्रिकोणमितीने निघतो, पण कॉकपिटमध्ये घड्याळाचा हिशेब पुरतो. वारा आणि धावपट्टी यांच्यातला कोन म्हणजे मिनिटं समजा. १५ अंश असेल तर पाव तास, म्हणजे वाऱ्याचा पाव भाग आडवा. ३० अंशांना निम्मा, ४५ ला पाऊण, ६० आणि त्यापुढे जवळजवळ पूर्ण.

आता फिरत्या वाऱ्याचं गणित करून पाहू. नियंत्रण कक्ष सांगतो: ३०० अंशांवरून १० नॉट, झोत २० नॉटपर्यंत. धावपट्टी २६. कोन ४० अंश. झोतात आडवा भाग सुमारे १३ नॉट, समोरचा सुमारे १५. सेसना १७२ च्या पुस्तिकेत आडव्या वाऱ्याचा दाखवलेला आकडा १५ नॉटचा आहे, तेव्हा हे आवाक्यात वाटतं. अंतिम टप्प्यात वारा ३०० वरून ३३० वर सरकला, जोर मात्र तोच २० राहिला. कोन झाला ७० अंश. आडवा भाग १९ नॉटवर गेला आणि समोरचा ७ वर उतरला. वारा एका नॉटनेही वाढलेला नाही, तरी आडवा धक्का पुस्तिकेच्या आकड्यापलीकडे गेला आणि समोरून मिळणारे आठ नॉट नाहीसे झाले.

हे आठ नॉट कुठे जातात, ते समजून घेण्यासारखं आहे. विमानाला जडत्व असतं. जमिनीच्या संदर्भातला त्याचा वेग क्षणात बदलत नाही. समोरचा वारा अचानक कमी झाला की हवेच्या संदर्भातला वेग तेवढाच घटतो: ६५ वरून ५७. पंखाची उचल वेगाच्या वर्गावर चालते, म्हणून ५७ नॉटला ती ६५ च्या मानाने ७७ टक्केच उरते. जवळपास पाव वजन एकाएकी बेवारस होतं आणि विमान खाली बसतं. तीनशे फुटांवर हे झालं तर थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवणारा दांडा, पुढे करून सावरता येतं. पंधरा फुटांवर झालं तर सावरायला उंचीच उरलेली नसते.

पुस्तिकेतल्या त्या १५ नॉटबद्दल बराच गैरसमज आहे. ती मर्यादा नाही आणि हमीही नाही. प्रमाणपत्रासाठी चाचणी करताना कसलेल्या वैमानिकाने तेवढ्या आडव्या वाऱ्यात विमान उतरवून दाखवलं, एवढाच त्याचा अर्थ. हलक्या विमानांच्या जुन्या अमेरिकी नियमांत ९० अंशांच्या वाऱ्यात किमान स्टॉल वेगाच्या ०.२ पट एवढं नियंत्रण दाखवणं आवश्यक होतं. स्टॉल वेग म्हणजे ज्याच्या खाली पंख उचल सोडतो तो वेग. त्या आकड्यात वीस तासांच्या विद्यार्थ्याचा विचार नाही, वाऱ्याच्या झोतांचाही नाही. स्वतःसाठीचा आकडा वैमानिकाने स्वतःच्या अलीकडच्या सरावावरून ठरवायचा आणि तो झोताला लावायचा, सरासरीला नव्हे.

सांगितलेला वारा आणि असलेला वारा

मेटार या हवामान संदेशातला वारा दहा मिनिटांची सरासरी असतो. उतरताना नियंत्रण कक्ष सांगतो ती दोन मिनिटांची सरासरी. झोत मेटारमध्ये येतो तो सरासरीपेक्षा १० नॉट किंवा अधिक असला तरच. म्हणजे ८ वरून १६ पर्यंत उसळ्या मारणारा वारा संदेशात साधा "८ नॉट" म्हणून दिसू शकतो, आणि हलक्या विमानाला त्या आठ नॉटच्या उसळ्या पुरेशा असतात. दिशा ६० अंश किंवा त्याहून जास्त झुलत असेल तर दोन्ही टोकं वेगळी दिली जातात. असे दोन आकडे दिसले की कच्चं गणित वाईट टोकावर करावं.

शिवाय वारा मोजणारं यंत्र धावपट्टीच्या बाजूला, साधारण दहा मीटर उंचीवर असतं. तुम्ही उतरता ते टोक तिथून दोन-दोन किलोमीटर दूर असू शकतं. म्हणून अंतिम टप्प्यात डोळे टोकाजवळच्या वाऱ्याच्या मोज्यावर, म्हणजे विंडसॉकवर हवेत. बऱ्याच ठिकाणी त्यावर रंगाचे पाच पट्टे असतात. अमेरिकी मापाचा मोजा १५ नॉटला पूर्ण ताठ होतो, म्हणून एक पट्टा सुमारे तीन नॉटचा धरायची सवय पडली आहे. मोज्याचा ताठपणा सगळेच पाहतात. त्यापेक्षा त्याची चाळवाचाळव पाहावी: तो एका दिशेला स्थिर ताठ आहे, की पडतो, उठतो, शेपूट फिरवतो? अर्धा ताठ पण सतत डोलणारा मोजा पूर्ण ताठ स्थिर मोज्यापेक्षा जास्त काळजीचा.

आणखी एक साधी परीक्षा. अंतिम टप्प्यात विमान सरळ रेषेत ठेवण्यासाठी नाक किती अंश वाऱ्याकडे वळवावं लागतंय? ६५ नॉटला बारा नॉट आडव्या वाऱ्यासाठी ते साधारण ११ अंश येतं. सुकाणूचं, म्हणजे शेपटीच्या उभ्या फळीचं, पेडल पूर्ण दाबूनही नाक धावपट्टीच्या रेषेत येत नसेल, तर वारा विमानाच्या ताकदीबाहेर आहे. ही परीक्षा दोन-तीनशे फुटांवर करून पाहता येते, जमिनीवर येईपर्यंत थांबायची गरज नसते. पण उत्तर "बसतंय" असं आलं तरी ते त्या उंचीवरच्या वाऱ्याचं उत्तर. जमिनीच्या घर्षणाने खालचा वारा मंदावतो आणि उत्तर गोलार्धात घड्याळाच्या उलट दिशेने थोडा फिरतो. समुद्रावर हा फरक लहान, जमिनीवर मोठा.

गोव्याचे सडे आणि वळीव

दाबोळी आहे तो मुरगावचा भाग जांभ्या दगडाचा सडा आहे. उत्तरेला झुआरीचं मुख, पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला समुद्र. पेडण्यातला मोपाचा विमानतळ, जिथून ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उडतात, तोही पठारावर. शेजारच्या सिंधुदुर्गात ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेला चिपीचा विमानतळही सड्यावरच. समुद्रावरून येणारा वारा उताराला आपटून वर चढतो, कड्याशी दाटतो आणि सड्याच्या माथ्यावर आल्यावर त्याचे भोवरे होतात. वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला, म्हणजे पश्चिमेचा वारा असताना पूर्वेच्या कडेवर, हवा खाली ओढली जाते. २६ वर पूर्वेकडून येणारं विमान नेमकं त्याच कडेवरून आत शिरतं. पठारावरच्या धावपट्टीकडे येताना टोकाआधी "खाली ओढल्यासारखं" वाटतं त्याचं एक कारण हे. त्यावर उपाय म्हणजे थ्रॉटल आधीपासून थोडा उघडा ठेवणं. पूर्ण बंद थ्रॉटलने सरकत येणाऱ्याकडे त्या क्षणी द्यायला काहीच नसतं.

आणि हा सगळा भाग एकाच बाजूला तोंड करून बसला आहे. दाबोळी, मोपा, चिपी, घाटावरचं बेळगाव, सगळीकडच्या धावपट्ट्या साधारण पूर्व-पश्चिम. पावसाळ्यातल्या पश्चिमी वाऱ्यांसाठी ते अगदी योग्य. पण वायव्य-उत्तरेचा वारा दाबोळीला आडवा असेल तर तो किनाऱ्यावर सगळीकडेच आडवा. पर्यायी विमानतळ निवडताना "तिथे धावपट्टीची दिशा वेगळी मिळेल" हा हिशेब इथे चालत नाही. चालतो तो वेळेचा: सकाळी लवकर उतरा, किंवा संध्याकाळी खारा वारा पडल्यावर. नाहीतर सह्याद्रीपलीकडे जा, जिथे खाऱ्या वाऱ्याचा जोर तसाच पोचत नाही.

मे महिन्यातलं वळवाचं वादळ वेगळं आणि फार जास्त धोक्याचं. हे ढग दुपारी सह्याद्रीवर वाढतात आणि संध्याकाळी बऱ्याचदा पश्चिमेकडे किनाऱ्यावर उतरतात. ढगातून कोसळणारी थंड हवा जमिनीवर आपटून चहूकडे पसरते आणि तिची पुढची धार पावसाच्या आधी, कित्येक किलोमीटर पुढे पळते. विमान २६ वर पश्चिमेच्या खाऱ्या वाऱ्यात उतरतंय आणि ही धार पूर्वेकडून येते. समोरचा १० नॉटचा वारा एक-दोन मिनिटांत पाठीमागचा १० नॉट होतो. हवेतला वेग ६५ राखला तर जमिनीवरचा वेग ५५ च्या जागी ७५. थांबण्याचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे जवळपास दुप्पट. फिरायच्या मधल्या क्षणी वारा आडवाही असतो. माडांचे झाप एकाएकी उलट बाजूला वळले, दूरवर तांबड्या मातीची भिंत उठली, मोजे दोन टोकांना दोन दिशा दाखवू लागले, तर उतरण्याचा प्रयत्नच करू नये. अशी धार बहुतेकदा अर्ध्या-पाऊण तासात निघून जाते. तेवढं इंधन टाकीत असणं हाच त्यावरचा खरा उपाय.

फेरीबोट आणि कुर्ली

रायबंदरहून चोडणला जाणारी फेरीबोट ओहोटीच्या ओढीत पाहिली असेल. तिचं तोंड समोरच्या धक्क्याकडे नसतं, प्रवाहाच्या वरच्या अंगाला असतं, आणि ती तिरकी तिरकी सरकत बरोबर धक्क्यावर येते. विमान आडव्या वाऱ्यात तेच करतं. नाक वाऱ्याकडे, वाट मात्र धावपट्टीच्या रेषेवर. वैमानिक याला क्रॅब म्हणतात, आपल्या कुर्लीच्या चालीवरून.

अडचण अशी की फेरीबोटीला चाकं नसतात. ११ अंश तिरक्या नाकाने विमान टेकलं तर चाकांचं तोंड एकीकडे आणि जाण्याची दिशा दुसरीकडे. टायर बाजूला घासतात, चाकांच्या पायांवर आडवा ताण येतो. पुढे चाक असलेल्या विमानात गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे असतो, म्हणून विमान झटका खाऊन का होईना, आपोआप सरळ होऊ पाहतं. शेपटीखाली चाक असलेल्या जुन्या घडणीच्या विमानात गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. त्यात एकदा नाक वळलं की मागचं वजन ते आणखी वळवतं आणि विमान जागच्या जागी गर्रकन फिरून पंख जमिनीला लावतं.

म्हणून टेकण्याआधी नाक सरळ करावं लागतं. उजवीकडून वारा आहे असं धरू. डाव्या पायाने सुकाणू दाबून नाक धावपट्टीच्या रेषेत आणायचं आणि त्याच वेळी योक, म्हणजे हातातलं सुकाणूचाक, उजवीकडे वळवून उजवा पंख किंचित खाली घ्यायचा. "त्याच वेळी" हे शब्द महत्त्वाचे आहेत. नुसता डावा पाय दाबला तर उजवा पंख पुढे झेपावतो, त्याची उचल वाढते, तो वर उठतो आणि वारा त्याच्याखाली शिरतो. खाली घेतलेला पंख विमानाला वाऱ्याच्या दिशेने सरकवतो, वारा त्याला उलट ढकलतो, दोन्ही जुळले की विमान रेषेवर राहतं. चाकं टेकतात ती एकामागोमाग: आधी वाऱ्याकडचं मुख्य चाक, मग दुसरं, शेवटी पुढचं.

काही जण शंभर-दोनशे फुटांपासूनच पंख खाली घेऊन येतात, काही शेवटच्या क्षणापर्यंत कुर्लीच्या चालीने. फिरत्या वाऱ्यात नवख्याला पहिली पद्धत बरी, असं आमचं मत आहे. आधीपासून पंख खाली असेल तर हाताला वाऱ्याचा सतत अंदाज मिळतो आणि बदल लहान लहान करता येतात. शेवटच्या क्षणाच्या पद्धतीत सगळं एकाच झटक्यावर अवलंबून असतं. मात्र सेसना १७२ च्या पुस्तिकेत फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला खाली उघडणाऱ्या फळ्या, २० अंशांपेक्षा जास्त उघडे असताना तीव्र तिरकं सरकणं टाळायला सांगितलं आहे, कारण काही परिस्थितीत एलिव्हेटर, म्हणजे शेपटीची आडवी फळी, हेलकावे खाऊ लागते. जोराच्या आडव्या वाऱ्यात धावपट्टीच्या लांबीला पुरेल एवढेच कमीत कमी फ्लॅप वापरा, असंही तीच पुस्तिका सांगते. दाबोळीची धावपट्टी तीन किलोमीटरहून लांब आहे. तिथे हलक्या विमानाला पूर्ण फ्लॅपची गरज नसते.

शेवटचे दहा सेकंद

नाक सरळ केलं, उजवा पंख खाली आहे, चाकं जमिनीपासून तीन-चार फुटांवर. आता वारा बारा नॉटवरून चारवर पडला. पंख मात्र अजून बाराच्या हिशेबाने खाली. विमान उजवीकडे सरकू लागतं. वैमानिक दचकून पंख सरळ करतो, आणि नेमका तेव्हा पुढचा झोत येतो. आता विमान डावीकडे सरकतं. झोताबरोबर पूर्ण वाहू लागलं तर बारा नॉट म्हणजे सेकंदाला सहा मीटर. ४५ मीटर रुंद धावपट्टीच्या मध्यापासून कडा २२ मीटरवर. जडत्वामुळे पहिला एखादा सेकंद मोकळा मिळतो, पुढचे तीन-चार फार वेगाने संपतात. याच वेळी चाकं टेकली तर आडवी टेकतात.

पायाचं आणि हाताचं काम वेगवेगळं ठेवणं हा यातला खरा धडा. पायांनी फक्त नाक रेषेत ठेवायचं. हातांनी फक्त बाजूचं सरकणं थांबवायचं. सरकणं दिसलं म्हणून पाय दाबला की दोन्ही बिघडतं. नजर नाकासमोरच्या जमिनीवर नको, धावपट्टीच्या दूरच्या टोकावर हवी. सरकणं तिथे लवकर कळतं.

दुसरी चूक वेगाची. झोतात थोडा जास्त वेग ठेवतात आणि ते योग्यच आहे: सरासरी आणि झोत यांतल्या फरकाच्या निम्मे नॉट मिळवायचे. १० वर २० चा झोत असेल तर ५ नॉट, म्हणजे ६५ च्या जागी ७०. पण भीतीपोटी ७५-८० ने येणारे बरेच. ७५ नॉटला विमानातली ऊर्जा ६५ च्या तुलनेत ३३ टक्के जास्त असते. ते टेकत नाही, धावपट्टीवरून तरंगत राहतं, आणि तरंगण्याचा प्रत्येक सेकंद वाऱ्याला आणखी एक संधी देतो. कंटाळून वैमानिक नाक खाली ढकलतो. पुढचं चाक आधी टेकतं, विमान उसळतं, परत आपटतं, पुन्हा उसळतं. दुसऱ्या-तिसऱ्या उसळीत पुढच्या चाकाचा पाय मोडतो आणि प्रोपेलर जमिनीला लागतो. पहिली उसळी मोठी असेल तर दुसरी दुरुस्त करत बसू नये, परत वर जावं.

तिसरी चूक टेकल्यानंतरची, आणि हलक्या विमानांचे कितीतरी अपघात इथेच होतात. चाकं लागली की मन म्हणतं, उतरलो. हात सैल होतात, योक मध्यावर येतो. पण ६० नॉटला पंख अजून बराच भार उचलून धरतो, टायरांवर पूर्ण वजन आलेलं नसतं. आणि वेग जसा उतरतो तसं सुकाणू दुबळं होत जातं. ६५ नॉटला त्याची जी ताकद असते तिच्या निम्म्याहूनही कमी ४५ नॉटला उरते. वारा मात्र तेवढाच असतो. उभी शेपटी कोंबड्याच्या वातसूचकासारखी वागते: वारा शेपटीला ढकलतो, नाक वाऱ्याकडे वळतं. म्हणून टेकल्यावर योक वाऱ्याच्या बाजूला हळूहळू वाढवत न्यायचा, वेग उतरेपर्यंत तो पूर्ण टोकाला गेला पाहिजे. त्याने वाऱ्याकडचा पंख खाली राहतो, शिवाय दुसऱ्या पंखाच्या मागच्या कडेची, योकबरोबर खाली गेलेली फळी जास्त ओढ निर्माण करून नाकाला वाऱ्यापासून दूर खेचायला थोडी मदतच करते.

पुढचं चाक टेकवतानाही एक खाच आहे. बऱ्याच हलक्या विमानांत ते चाक पेडलांना जोडलेलं असतं. टेकण्याच्या क्षणी डावं पेडल दाबलेलं असेल तर चाक डावीकडे वळलेल्या स्थितीत जमिनीला लागतं आणि विमान डावीकडे झेप घेतं. वैमानिक घाबरून उजवं दाबतो, विमान उजवीकडे. दोन-तीन वळणांत धावपट्टी संपते. पुढचं चाक लागता लागता पाय मध्याकडे आणायचे, चाक लागलं की लगेच लागेल तेवढंच पुन्हा दाबायचं. आणि योक पुढे ढकलून सगळं वजन पुढच्या चाकावर टाकायचं नाही, कारण तेव्हा मुख्य चाकं हलकी होतात आणि विमान हातगाडीसारखं एका चाकावर फिरतं.

परत वर जाणं

नाक रेषेत येत नाही, सरकणं थांबत नाही, धावपट्टीच्या पहिल्या तृतीयांशात टेकणं जमत नाही, मोठी उसळी आली: यातलं एकही झालं तर गो-अराउंड. थ्रॉटल पूर्ण पुढे. कार्ब्युरेटर असलेल्या इंजिनात कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी सोय, बंद. फ्लॅप एकदम मिटायचे नाहीत, तसं केलं तर उचल गळून विमान खाली बसतं. सेसना १७२ मध्ये आधी २० अंशांवर, वेग ५५ ते ६० नॉट धरून चढ सुरू झाली की १०, मग शून्य. पंख अजून वाऱ्याकडे खालीच ठेवायचा, कारण चाकं पुन्हा जमिनीला घासण्याची शक्यता असते.

पूर्ण ताकदीवर प्रोपेलर नाक डावीकडे ओढतो, म्हणून उजवा पाय लागतो. वायव्येच्या वाऱ्यात २६ वरून वर जाताना वारा नाक उजवीकडे वळवत असतो, दोन्ही काही अंशी एकमेकांना खोडतात. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येचा, म्हणजे डावीकडून असेल, तेव्हा वारा आणि इंजिन दोघेही नाक डावीकडेच नेतात. तेव्हा उजवा पाय जोरात आणि लगेच लागतो. कमी वेगात, नाक वर, फ्लॅप उघडे आणि पाय विसरलेला, अशा अवस्थेत विमान डावीकडे कोसळतं. उतरण्याच्या अपघातांत जीव जातात ते बहुधा अशा वेळी. नुसतं धावपट्टीवरून घसरल्याने विमान मोडतं, माणसं बहुधा वाचतात. त्यामुळे निर्णय लवकर हवा, उंची आणि वेग हाताशी असताना.

जेटच्या मागे उतरताना एक वेगळी काळजी घ्यावी लागते. मोठ्या विमानाच्या पंखटोकांचे भोवरे जमिनीजवळ बाजूला पसरतात. पाचेक नॉटपर्यंतचा हलका आडवा वारा वाऱ्याकडच्या भोवऱ्याला धावपट्टीवरच अडवून धरतो. जेटच्या वाटेच्या वर राहून, ते जिथे टेकलं त्याच्या पुढे टेकावं.

विमान वळवून टॅक्सी करतानाही, म्हणजे जमिनीवरून चालवत नेतानाही, वारा तोच असतो. समोरच्या बाजूने येणाऱ्या वाऱ्याकडे योक वळवायचा, मागच्या बाजूने येणाऱ्या वाऱ्यापासून दूर वळवून किंचित पुढे ढकलायचा. सेसनासारख्या वर पंख असलेल्या विमानाला मागून तिरका झोत सर्वांत वाईट, तो शेपूट आणि पंख एकदम उचलतो. अशा वेळी चालीच्या वेगाने जावं, वळण सावकाश घ्यावं. थांबल्यावर नाक शक्य तितकं वाऱ्याकडे, योक जागी अडकवणारा कंट्रोल लॉक लावलेला, चाकांना अडण्या, दोन्ही पंखांना आणि शेपटीला दोर. मे महिन्यात गोव्यात विमान रात्रभर उघड्यावर ठेवायचं असेल तर दोर ओलावल्यावर सैल पडणारे किंवा आकसणारे नकोत, नायलॉनचे हवेत, आणि संध्याकाळचा वळीव कुठून येईल ते आधी पाहून नाक त्या बाजूला ठेवलेलं बरं.